कुंकू काळे का दिसते? कृष्णधवल फिल्मची निवड आणि छायाचित्राचा पुरावा

#इतिहासधागा

१/ घरातील जुना अल्बम उघडावा. आजी-पणजीच्या कपाळावरील कुंकू त्यात जवळजवळ काळे दिसते, आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे असते, आणि घरातील गोऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा चेहराही सावळा भासतो. आपण म्हणतो, ‘फोटो जुना झाला.’ वास्तविक यातील बरेचसे वयामुळे घडलेले नसून शटर उघडले त्याच क्षणी घडलेले असते, आणि ते कसे घडावे हे कॅमेऱ्यात भरलेल्या फिल्मने ठरवलेले असते. मीडियम फॉरमॅटच्या कृष्णधवल फिल्मचा इतिहास, तिची निवड आणि त्या निवडीमुळे पुराव्यात होणारे बदल हा आजचा विषय.

२/ प्रथम विषय आमच्या गावाला कोठे येऊन भिडतो ते पाहू. गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते. १८१८ साली येथील जमीनदार चिमणा पटेल याने इंग्रजी अमलाविरुद्ध बंड केले. ते मोडले गेले आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. छायाचित्रणाचा शोध जगापुढे जाहीर झाला तो १८३९ साली. म्हणजे कामठ्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग कॅमेऱ्याच्या जन्मापूर्वीच घडून गेला. त्यानंतरच्या काळासाठी मात्र छायाचित्र हे साधन उपलब्ध आहे, आणि साधन म्हटले की त्याची चिकित्सा आलीच.

३/ इतिहासाचा विद्यार्थी बखर वाचताना विचारतो: कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कोणासाठी लिहिली? ताम्रपट हाती आला की अक्षरवाटिका पाहतो, शिक्का पाहतो. छायाचित्र समोर आले की मात्र आपण अनेकदा थेट चित्रातील माणसांकडे वळतो. चित्र कोणत्या पृष्ठावर उमटले आणि त्या पृष्ठाला कोणते रंग ‘दिसत’ होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कृष्णधवल छायाचित्रात रंग नसतो हे खरे. पण प्रत्येक रंगाचे करड्या छटेत भाषांतर झालेले असते, आणि भाषांतरकार कोण होता हे कळल्याशिवाय मूळ संहिता वाचता येत नाही.

४/ आरंभीचा भाषांतरकार फारच एकांगी होता. चांदीची क्षारसंयुगे स्वभावतः निळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतात. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि ओला असतानाच ते धुवायचे. उन्हाळ्यात लेप लवकर सुकतो. म्हणून आपल्याकडील छायाचित्रकाराला अंधारखोलीचा तंबू बरोबर बाळगावा लागे. या काचेला निळे सर्वांत उजळ दिसे. हिरवे मंद, पिवळे गडद आणि तांबडे जवळजवळ दिसतच नसे.

५/ परिणाम डोळ्यांपुढे आणा. झेंडूची माळ काळपट. हळदीचा हात मळकट. निळीत रंगवलेले लुगडे प्रत्यक्षाहून फिके. आकाश आणि ढग यांत भेद नाही, सारे पांढरे. त्वचेच्या तपकिरी रंगात तांबडा व पिवळा अंश जास्त आणि निळा कमी. त्यामुळे भारतीय माणसाची त्वचा डोळ्याला दिसते त्याहून गडद उतरे. ही कोणाची लबाडी नव्हती, रसायनाचा गुणधर्म होता. मात्र रसायनाच्या या गुणधर्माचे पुढे काय केले गेले, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

६/ मुंबईत हे तंत्र लवकर रुजले. १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतील आपली माणसे. त्याच काळात राज्यकर्त्यांना ‘प्रजेची ओळख’ करून घेण्याची निकड भासू लागली होती. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला. जाती-जमातींची छायाचित्रे, त्यांना जोडून वर्णने. वर्णनांत अनेकदा वर्ण आणि चेहरेपट्टीवर शेरे असत. आणि शेजारचे चित्र तांबड्या रंगाला आंधळ्या असलेल्या काचेवर घेतलेले असे.

७/ आमच्या भागापुरते बोलायचे तर भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्यातून गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. या प्रांताविषयीचा आधारग्रंथ म्हणजे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’, १९१६ साली निघालेला, चार खंडांचा. लोधी, पोवार, कुणबी, गोंड या सर्वांवर त्यात प्रकरणे आहेत आणि छायाचित्रेही आहेत. ती पाहताना त्वचेच्या छटेवरून एकही अनुमान काढू नये. पोशाखाची घडण, दागिन्याचा आकार, हत्यार, घराची रचना या गोष्टी चित्र प्रामाणिकपणे सांगते. रंगाच्या बाबतीत मात्र ते अर्धेच साक्षीदार आहे.

८/ हे अंधत्व दूर करण्याचा मार्ग १८७३ साली बर्लिनमध्ये सापडला. हेर्मान फोगेल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की इमल्शनमध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळले, की त्या द्रव्याने शोषलेल्या रंगालाही चांदीचे क्षार प्रतिसाद देऊ लागतात. यातून हिरवा व पिवळा प्रकाश टिपणाऱ्या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा आल्या. तांबडा अजून बाहेरच होता. तोही आत घेणाऱ्या ‘पॅनक्रोमॅटिक’ काचा इंग्लंडमधील रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ साली बाजारात आणल्या. ‘ऑर्थो’ आणि ‘पॅन’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचा सारा धागा यांच्याभोवती फिरतो.

९/ आता मीडियम फॉरमॅटकडे. १९०१ साली कोडॅकने ‘ब्राउनी क्रमांक २’ या पेटी कॅमेऱ्यासाठी एक रोल काढला. पुढे त्याचा क्रमांक ठरला १२०. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या पाठीशी काळा कागद आणि कागदाच्या मागच्या बाजूवर छापलेले आकडे. त्या काळातील डझनावारी रोल काळाच्या ओघात गेले. १२० आजही तयार होतो आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पेटी कॅमेऱ्यातही बसतो. छायाचित्रणाच्या इतिहासात इतके दीर्घायुष्य फार थोड्या गोष्टींना लाभले आहे.

१०/ या रोलवर किती चित्रे बसतात हे कॅमेऱ्यावर अवलंबून असते. ६×९ आकाराची आठ, ६×७ची दहा, ६×६ची बारा आणि ६×४.५ची पंधरा-सोळा. ६×६चे प्रत्यक्ष माप ५६×५६ मिलिमीटर, म्हणजे ३१३६ चौरस मिलिमीटर. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४×३६, म्हणजे ८६४. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक. एकच फिल्म दोन्ही आकारांत वापरली, तरी मोठ्या निगेटिव्हला कमी मोठे करावे लागते. त्यामुळे कण कमी जाणवतो आणि तपशील जास्त टिकतो. समूहचित्रात मागच्या रांगेतील चेहरा ओळखू येतो, पाटीवरील अक्षर वाचता येते.

११/ लहान गावांच्या दृष्टीने याहून मोठी सोय वेगळीच होती. ६×९ची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, वर काच दाबून, प्रकाश दिला की तळहातावर मावणारे चित्र तयार. एन्लार्जर नको, आणि त्यासाठी लागणारी अखंड वीजही नको. म्हणून अल्बममध्ये पांढऱ्या किनारीचे, साधारण ६×९ सेंटिमीटरचे चित्र दिसले, तर ते बहुधा १२०च्या रोलवरून असे ‘कॉन्टॅक्ट’ पद्धतीने काढलेले असते. चित्राचा आकार हाही पुरावाच.

१२/ जुन्या पेटी कॅमेऱ्याच्या पाठीवर तांबड्या काचेची एक बारीक खिडकी असते. तिच्यातून मागच्या कागदावरील आकडा वाचून रोल पुढे सरकवायचा. खिडकी तांबडीच का? कारण तेव्हाची रोलफिल्म ऑर्थो होती. तांबडा प्रकाश तिला दिसत नव्हता, म्हणून तो आत शिरला तरी बिघडत नसे. अंधारखोलीतील तांबडा दिवा याच न्यायाने आला. ऑर्थो फिल्म त्या दिव्याखाली डोळ्यांदेखत धुता येई. काळोखी पुरेशी चढली की बाहेर काढायची. पॅन फिल्म आली तेव्हा ही सोय गेली. पूर्ण अंधार, घड्याळ आणि थर्मामीटर यांच्यावर विसंबणे आले, आणि कॅमेऱ्याच्या तांबड्या खिडकीवर झाकण बसवावे लागले.

१३/ यामुळे पॅन फिल्म उपलब्ध असूनही ऑर्थो दीर्घकाळ टिकून राहिली. कोडॅकची ‘व्हेरिक्रोम’ १९३१ साली आली. ती ऑर्थो होती, आणि इमल्शनचे दोन थर असल्यामुळे प्रकाशाचा अंदाज थोडाफार चुकला तरी सांभाळून घेई. ज्या कॅमेऱ्यात फारसे काही बदलताच येत नाही त्यासाठी हा गुण मोलाचा. तिची जागा घेणारी ‘व्हेरिक्रोम पॅन’ आली १९५६ साली. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घराघरांतील चित्रांचा फार मोठा भाग तांबड्याला आंधळ्या फिल्मवर उमटला. कपाळावरील काळ्या कुंकवाचे उत्तर येथे मिळते.

१४/ चित्रपटसृष्टीलाही हेच बंधन होते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते आणि त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्या काळच्या कचकड्याच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसे. म्हणून चेहऱ्याच्या रंगभूषेत तांबडा वापरताना जगभरच्या कलावंतांना जपावे लागे. मूकपटांतील चुन्यासारखे पांढरे चेहरे आणि काळे ओठ ही केवळ नाटकी आवड नव्हती. फिल्मशी केलेली ती तडजोड होती. जागतिक चित्रपट पॅनकडे वळला तो १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात.

१५/ मीडियम फॉरमॅटला प्रतिष्ठा दिली ती जर्मनीच्या रोलायफ्लेक्सने. हा दुहेरी भिंगांचा कॅमेरा १९२९ साली आला. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्यातून टिपायचे. आपल्याकडे तो ज्यांच्या हाती शोभला त्या होमाई व्यारावाला. जन्म १९१३चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या आणि १९७०च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवीपर्यंत देशाच्या सत्तांतराची साक्ष टिपत राहिल्या. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. २०१२च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

१६/ वृत्तछायाचित्रकाराची निवड स्टुडिओवाल्याहून वेगळी असते. सभागृहातील पिवळट विजेचा प्रकाश हा तांबड्या अंशाने भरलेला. ऑर्थो फिल्म त्यात जवळजवळ निकामी. तेथे वेगवान पॅनच हवी. आणि रोलवर चित्रे बाराच. बारा वेळा बोट दाबले की रोल बदलायचा. तोवर इतिहास थांबत नाही. आणखी एक बाब: रोलायफ्लेक्स छाती-पोटाशी धरून, मान खाली घालून पाहतात. त्यामुळे उभ्या माणसाचे चित्र किंचित खालून घेतले जाते आणि माणूस उंच, भारदस्त भासतो. नेत्यांच्या चित्रांतील भारदस्तपणा वाचताना कॅमेऱ्याची ही उंचीही हिशेबात धरावी.

१७/ तिरंग्याचे उदाहरण घ्या. कृष्णधवल चित्रात केशरी आणि हिरवा हे दोन्ही पट्टे करडेच. पॅन फिल्मवर केशरी स्पष्टपणे उजळ येतो. ऑर्थोवर केशरीतील तांबडा अंश वाया जातो आणि दोन्ही पट्ट्यांतील अंतर घटते. भिंगावर रंगीत फिल्टर असेल तर गणित पुन्हा बदलते. म्हणून एखाद्या जुन्या चित्रातील ध्वज, फेटा किंवा पताका कोणत्या रंगाची, यावर वाद घालण्यापूर्वी फिल्म कोणती याचा अंदाज घ्यावा. समाजमाध्यमांवर जुनी चित्रे यंत्राकडून रंगवून घेणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. करड्या छटेवरून मूळ रंग परत मिळत नाही. मिळतो तो केवळ अंदाज.

१८/ पॅन म्हणजे संपूर्ण सत्य, असेही समजू नये. हिरव्या लुगड्याला तांबडा काठ असेल, तर ऑर्थोवर तो काठ काळा, ठसठशीत दिसतो. पॅनवर हिरवा आणि तांबडा यांची करडी छटा इतकी जवळ येऊ शकते की काठ लुगड्यातच विरघळतो. भिंगावर हिरवा फिल्टर लावला तर काठ गडद होऊन वेगळा पडतो. तांबडा फिल्टर लावला तर काठ उजळतो आणि लुगडे काळवंडते. एकच लुगडे, तीन पुरावे. कोणती फिल्म ‘खरी’ यापेक्षा कोणती फिल्म कोणता भेद टिकवते, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी.

१९/ स्वातंत्र्यानंतर निवडीवर आणखी एक बंधन आले: परकीय चलन. फिल्म ही आयातीची वस्तू, आणि आयात परवान्यावर अवलंबून. यावरचा सरकारी उपाय म्हणजे उटकमंडची हिंदुस्तान फोटो फिल्म्स. कंपनी १९६० साली स्थापन झाली, फ्रान्सच्या बोशे कंपनीचे तंत्रसाहाय्य घेतले गेले आणि १९६७ साली उत्पादन सुरू झाले. फिल्मला थंड व धूळविरहित हवा लागते, म्हणून निलगिरीचा डोंगर. ‘इंदू’ या नावाने तिच्या फिल्म, कागद आणि क्ष-किरणांच्या फिल्म देशभर पोचल्या. पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’ हीदेखील त्या पिढीच्या परिचयाची. बडोद्यात तयार होणारा अग्फाचा ‘क्लिक थ्री’ हा १२०च्या रोलवर बारा चौकोनी चित्रे घेणारा साधा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांतला पहिलाच कॅमेरा होता.

२०/ म्हणजे १९७०च्या दशकातील तालुक्याच्या गावी फिल्मची ‘निवड’ म्हणजे दुकानात जे आले आहे ते घेणे. चौकोनी चित्र, मध्यम वेग, पॅन फिल्म आणि बाहेर उन्हात उभे केलेले कुटुंब: त्या काळच्या चित्रांना जो एकसारखेपणा आहे, त्यामागे आवडीइतकाच पुरवठाही आहे. कलेच्या इतिहासात आयात धोरणाला जागा द्यावी लागते ती अशी. पुढे रंगीत फिल्म आणि नंतर डिजिटल आले. उटकमंडचा कारखाना नव्वदच्या दशकात आजारी ठरला आणि अखेरीस बंद पडला.

२१/ आता वर्तमान. आज १२०मध्ये कृष्णधवल फिल्म मिळते ती प्रामुख्याने इल्फर्ड, कोडॅक आणि चेक देशातील फोमा यांची. या नावांनाही इतिहास आहे. कोडॅकची ‘ट्राय-एक्स’ रोलमध्ये १९५४ साली आली. इल्फर्डच्या ‘एचपी’ म्हणजे ‘हायपरसेन्सिटिव्ह पॅनक्रोमॅटिक’ आणि ‘एफपी’ म्हणजे ‘फाइन ग्रेन पॅनक्रोमॅटिक’ या मालिका १९३०च्या दशकातील. आजची ‘एचपी-५ प्लस’ १९८९ची, ‘एफपी-४ प्लस’ १९९०ची. एक सूचना: १९६० साली वेग मोजण्याचे अमेरिकी मानक बदलले आणि अनेक फिल्मचा आकडा दुप्पट झाला, फिल्म मात्र तीच राहिली. जुनी टिपणे वाचताना २०० आणि ४०० यांत गल्लत होऊ नये.

२२/ समजा, आज कोणी तरुण अभ्यासक १२०चा कॅमेरा घेऊन कामठा व परिसराची नोंद करू पाहतो. किल्ल्याची भिंत हा न हलणारा विषय. तिपाई लावावी आणि १०० ते १२५ वेगाची बारीक कणांची फिल्म घ्यावी. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि १/१२५ सेकंद हे साधे गणित पुरते. सकाळी वा सायंकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा भिंतीची झीज, सांधे आणि डागडुजी उठून दिसते. पिवळा फिल्टर लावला की आकाश थोडे गडद होऊन भिंतीची कडा स्पष्ट होते. धानाची बांधी आणि मालगुजारी तलाव यांनाही हीच फिल्म मानवते.

२३/ झाडीपट्टीच्या नाटकाची गोष्ट निराळी. प्रयोग रात्रभर चालतो, मंचावर दिवे मोजके आणि नट सतत हलता. येथे ४०० वेगाची पॅन फिल्म हवी. गरज पडल्यास ती १६०० समजून वापरावी आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवावी. किंमत अशी की सावलीतील तपशील जातो. हार्मोनियमवाला अंधारात बसला असेल तर तो नोंदीतून गळेल. तो हवा असेल तर प्रयोगापूर्वी त्याचे वेगळे चित्र घ्यावे. ऑर्थो येथे का चालत नाही याचे उत्तर फिल्मच्या डबीवरच मिळते: २०१९ साली इल्फर्डने १२०मध्ये आणलेल्या ‘ऑर्थो प्लस’चा वेग दिवसाच्या प्रकाशात ८०, तर पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात निम्मा, ४०.

२४/ माणसांची चित्रे घेताना निवड सर्वांत नाजूक. ऑर्थोवर चेहऱ्याच्या सुरकुत्या, डाग, पोत उठावदार होतो. आजकाल ‘जुन्या काळाचा भास’ म्हणून ती आवडीने वापरली जाते. शेतात राबलेल्या वृद्धेचा चेहरा तिच्यावर विलक्षण प्रभावी दिसतो, यात शंका नाही. पण तीच फिल्म तिची त्वचा तिच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसते त्याहून गडद करते. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकात पाहिलेली गोष्ट आपण हौसेने पुन्हा करतो आहोत काय, हे एकदा स्वतःला विचारावे. माझे मत स्पष्ट आहे: नोंद म्हणून चित्र घ्यायचे तर पॅन वापरावी, ऑर्थो वापरायची तर जाणीवपूर्वक, समोरच्या माणसाला छापील चित्र दाखवून, आणि तशी नोंद करून.

२५/ फिल्म निवडणाऱ्याने आपले हवामानही निवडीत धरावे. धुण्याच्या वेळा बहुधा २० अंश सेल्सिअस गृहीत धरून छापलेल्या असतात. वैदर्भीय मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम. गरम द्रावणात काळोखी झपाट्याने चढते आणि जिलेटिन मऊ पडते. गरमातून एकदम थंड पाण्यात गेले तर त्यावर बारीक जाळी उमटते. बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवाव्यात, सर्व द्रावणे आणि धुण्याचे पाणी एकाच तापमानाला आणावे, शक्यतो पहाटे काम करावे. न वापरलेले रोल थंड व कोरड्या जागी ठेवावेत.

२६/ शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. निगेटिव्ह ही मूळ प्रत. छापील चित्र ही तिची नक्कल. छापताना कडा कापल्या जातात, उजेड-काळोख बदलला जातो. गावोगावचे जुने स्टुडिओ मिटले की निगेटिव्हांचे डबे अडगळीत जातात, भंगारात जातात. उष्णता आणि दमट हवा यांनी अॅसिटेटची फिल्म कुजू लागते. डबा उघडताच सिरक्यासारखा आंबट वास आला तर ही कूज सुरू झाली आहे असे समजावे. अशा निगेटिव्ह इतरांपासून वेगळ्या काढाव्यात आणि त्यांचे डिजिटल चित्र आधी करून घ्यावे. एका लग्नाची बारा चित्रे हरवली तर एक कुटुंब हळहळते. एका स्टुडिओच्या तीस वर्षांच्या निगेटिव्ह गेल्या तर गावाच्या इतिहासाचे एक दफ्तरच जळते.

२७/ म्हणून दोन विनंत्या. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात ठेवा, आणि चित्रातील माणसांची नावे घरातील वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या. नव्याने १२०वर काम करत असाल तर प्रत्येक रोलच्या पाकिटावर पाच गोष्टी लिहा: तारीख, ठिकाण, फिल्मचे नाव, मानलेला वेग आणि फिल्टर. १९१६च्या ग्रंथातील चित्र पाहताना आपण ज्या माहितीसाठी अडतो, तिच्यासाठी शंभर वर्षांनंतरचा विद्यार्थी अडू नये. कुंकू लाल होते हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ती परंपरा अजून जिवंत आहे. जी परंपरा उरणार नाही तिच्या रंगाची साक्ष फक्त त्या पाकिटावरील पाच ओळीच देतील.

(धागा समाप्त. आपल्या घरच्या अल्बममध्ये काळे कुंकू आणि पांढरे आकाश दिसले तर चित्राचे अंदाजे साल आणि आकार जरूर कळवावा.)